जसंच्या तसं

"वैजयंता, इकडे ये. काय दिसतं सांग."

ती आली. पेनचं टोपण दातात होतं, ते काढून अ‍ॅप्रनच्या खिशात टाकलं आणि स्लाइड उजेडात धरली. मी पुढे काही बोलले नाही. दुसऱ्याला वाचायला देताना आपलं वाचन आधी सांगायचं नाही, हा आमच्या टेबलावरचा नियम होता.

"गुठळ्या," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की काय वो मॅडम, साबुदाण्याएवढ्या दिसतायत."

रुग्णबाईचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह होता. तिच्यासाठी काढलेल्या रक्ताच्या पिशवीवरचं छापील लेबलही ओ पॉझिटिव्ह. दोन्ही एकत्र केल्यावर काहीच व्हायला नको होतं. मी पिशवीतल्या रक्ताचा गट पुन्हा काढला. बी पॉझिटिव्ह. पिशवी आली त्या दिवशी मी वाचून आणि वैजयंतानं पडताळून टेबलावरच्या वहीत लिहिलं होतं, तेही बी पॉझिटिव्ह. म्हणजे वही बरोबर होती, पिशवी बरोबर होती. लेबल कॉम्प्युटरनं छापलं होतं, आणि कॉम्प्युटर ओ म्हणत होता.

बाईंसाठी दुसरी पिशवी गेली. त्यांचं सिझेरियन नीट पार पडलं. इकडे काय घडता घडता राहिलं ते त्यांना कधी कळलं नाही.

मी पडद्यापुढे बसले. एखादी नोंद बदलली की ती कोणी आणि कधी बदलली हे आमचा प्रोग्रॅम शेजारी लिहून ठेवायचा. त्या पिशवीचा गट आदल्या दुपारी, सोमवारी, बदलला गेला होता. बदलणाऱ्याच्या जागी लॉगिन होतं : वैजू.

"काय म्हणतंय?" वैजयंता माझ्या खुर्चीमागे उभी होती.

"बघते अजून," मी म्हणाले आणि पडदा कोरा केला.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. आमची रक्तपेढी एका ट्रस्टची होती, गाव मागांचं. दिवसभर खिडकीतून यंत्रमागांची खडखड यायची. ती थांबली की वीज गेली असं समजायचं. मी सूक्ष्मजीवशास्त्रातली एम. एस्सी., प्रयोगशाळेची प्रमुख. कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या प्रात्यक्षिकात मी एकटीनं प्रश्न विचारले, म्हणून तोही माझ्याकडे आला. युनिक्सवर चालणारं ते करड्या रंगाचं मशीन काचेच्या खोलीत असायचं. बसवणाऱ्या इंजिनियरनं त्याचं नाव कृष्णा ठेवलं होतं. नोंदी भरायचं काम वैजयंता होगाडेचं. मशीन आल्यापासून तीच भरत होती, आणि तिच्याइतक्या कमी चुका करणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर मगदूम आमचे संचालक. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं आणि झालं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"तिच्याच नावानं?"

"तिच्या लॉगिननं. ती स्वतःच असेल असं नाही."

"तिचा पासवर्ड दुसऱ्या कुणाला माहीत आहे?"

"मला नाही. पण मुख्य पासवर्ड माझ्याकडे आहे. त्यानं मला कुणाच्याही नावानं आत जाता येतं."

"तुमचं सोडा हो, शिरगुप्पे मॅडम." ते खुर्चीत पुढे सरकले. "बसस्टँडमागं ती खाजगी रक्तपेढी उघडलीय, ठाऊक आहे ना? आपली माणसं ओढायला बसलेत ते. उद्या आपल्या पिशव्यांवर भलतेच गट निघाले तर गाव कुणाकडे जाईल? त्यांच्याकडेच की. शनिवारी विश्वस्तांची मीटिंग आहे. तोवर उलगडा झाला नाही, तर वैजयंताला काढायचा विषय मला ठेवावा लागेल."

"या कारणानं काढलं तर तिला पुन्हा कुठलीही रक्तपेढी दारात उभी करणार नाही."

"म्हणून तर म्हणतो. शनिवारपर्यंत तिच्यावर नजर ठेवा. कुठं जाते, काय करते. पण बोभाटा नको."

मी बाहेर आले. वैजयंता नळासमोर टेस्ट ट्यूब धूत होती. तिनं वळून पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. आजवर ती असंच करत आली असेल. पण त्या दिवशी मला ते दिसलं.

त्यानंतर सगळंच दिसायला लागलं. टेलिफोन आला की ती पाठ फिरवून बोलायची. बुधवारी ती चांगली साडी नेसून आली. "नवी?" मी विचारलं. "जुनीच हो," ती म्हणाली. पण निऱ्यांवर दुकानातली घडी अजून मोडलेली नव्हती. मी काचेच्या खोलीत गेले की थोड्या वेळानं तीही काहीतरी निमित्त काढून तिथे यायची : स्टेपलर, जुनी फाइल, "तुमचा चहा गार होतोय." मी काय पाहते आहे हे तिला पाहायचं असावं, असा मी अर्थ लावला. त्याच दुपारी आणखी एका पिशवीचा गट बदलला. ए चा एबी. पुन्हा वैजू. आता मी प्रत्येक पिशवीचं लेबल वहीशी ताडून पाहिल्याशिवाय काही बाहेर सोडत नव्हते, त्यामुळे रुग्णाच्या बाजूनं मला घोर नव्हता. घोर तिचा होता. आणि खरं सांगायचं तर मला तिचा रागही येऊ लागला होता. इतकी हुशार बाई, आणि हे असलं?

वरच्या मजल्यावर त्या आठवड्यात वेगळीच गडबड चालू होती. तालुक्याच्या गावी आमचं उपकेंद्र निघणार होतं, त्यासाठी दुसरं मशीन आलं होतं. पहिल्याचीच सख्खी बहीण : तीच कंपनी, तोच साचा. त्याचं नाव वारणा. पुण्याहून आलेला दीक्षित नावाचा इंजिनियर ते बसवत होता. डेटाबेसचं सगळं सॉफ्टवेअर एकेक टेप चढवून नव्यानं बसवायचं, प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं, तर फार वेळ जातो. म्हणून त्यानं दोन्ही मशीनांमध्ये केबल टाकली आणि खालच्यावर बसवलेलं सगळं उचलून वर नेलं. "जसंच्या तसं, मॅडम," तो मला म्हणाला होता. "मशीनं सारखी आहेत, त्याच जागी तेच ठेवायचं. ते आहे तसं उठून चालायला लागतं."

"आत कुठे जुन्या मशीनचं नाव लिहिलेलं असेल तर?"

"दोन ठिकाणी असतं. बदललंय मी."

सोमवारी वर नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि उपकेंद्रासाठी घेतलेल्या मुलामुलींचं प्रशिक्षण सुरू झालं. मी खाली कामात होते, पूजेला गेले नाही. वैजयंता गेली होती.

गुरुवारी दुपारच्या सुट्टीत तिनं डबा उघडलाच नाही. "जरा बाजारात जाऊन येते," असं म्हणून पर्स घेतली आणि निघाली. मी तिच्या मागे गेले. असलं काही मी आयुष्यात केलेलं नव्हतं. छत्री उघडून तोंड झाकावं की मिटलेलीच ठेवावी हेही मला कळत नव्हतं. ऊन होतं, म्हणून उघडली.

ती बाजाराकडे वळली नाही. बसस्टँडला वळसा घालून थेट त्या नव्या रक्तपेढीच्या पायऱ्या चढली. समोर एक रसवंती होती. मी तिथल्या बाकावर बसले आणि उसाचा रस मागवला. घुंगरांच्या आवाजात रस आला. तो संपला, तरी ती बाहेर येईना. मी दुसरा मागवला. अखेर ती बाहेर आली तेव्हा कडक इस्त्रीतला एक माणूस दारापर्यंत सोडायला आला होता आणि ती त्याला हसून नमस्कार करत होती.

म्हणजे डॉक्टर मगदूम खरं बोलत होते. परत येताना वाटेत मला ते वाक्यही सुचलं, जे मी त्यांना सांगणार होते.

पण आल्यावर, सवयीनं, आधी पडद्यापुढे बसले. त्याच दुपारी एक गट बदलला होता. वेळ पाहिली. मग पुन्हा पाहिली. तो बदल झाला तेव्हा मी रसवंतीत होते आणि वैजयंता समोरच्या इमारतीत. बदलणाऱ्याच्या जागी होतं : वैजू.

"मॅडम, भांडारात या जरा," असं वैजयंतानं दारातून म्हटलं तेव्हा भानावर आले.

भांडार म्हणजे एक लहानशी खोली, रिकाम्या पिशव्यांची खोकी, कापूस, स्पिरिट, भिंतीवर कॅलेंडर. तिनं दार लोटून घेतलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

"रस गोड होता का?"

मी कापसाची गुंडाळी सरळ करू लागले.

"दोन ग्लास प्यायलासा. वरच्या खिडकीतून दिसत होतं. उघडी छत्री घेऊन रसवंतीच्या मांडवात कोण बसतं हो?"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं," मी म्हणाले. "तुझ्यावर लक्ष ठेवा म्हणून."

ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "आणि मला सांगितलं तुमच्यावर. परवाच. मॅडमकडे मुख्य पासवर्ड आहे, त्या कुणाच्या पण नावानं आत शिरतात, जरा नजर ठेव. बोभाटा करू नको. आणि शनिवारी कुणाचं तरी नाव जाणार, तुझं की त्यांचं ते तूच बघ, असं."

स्टेपलर, जुनी फाइल, गार होणारा चहा. मी खोक्यावर टेकले.

"मग काय दिसलं तुला?" मी विचारलं.

"तुम्ही बदलत नाही, हे दिसलं. काल दुपारी ए चा एबी झाला तेव्हा तुम्ही इथंच, या खोलीत होता. दाराच्या काचेतून मी बघत होते. त्या कॅलेंडरसमोर उभ्या राहून, आधी एका डोळ्यावर हात, मग दुसऱ्या डोळ्यावर. वाचत होतात." ती थांबली. "डावा का?"

"हो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून धुरकट दिसतंय. तुला कसं..."

"दुसरं वाचन करून घ्यायचं हा नियम जुना आहे. पण एकच स्लाइड दोन-दोनदा माझ्याकडे द्यायला लागलात ते दिवाळीपासून."

पुढच्याच महिन्यात तो डोळा मी दाखवला. मोतीबिंदू होता, काढला. पण त्या दुपारी त्या खोलीत मला एवढंच कळत होतं की गट चुकताहेत आणि गट वाचणारीचा डोळा अधू आहे, हे मगदूमांच्या कानावर गेलं तर पुढचं कुणी काही ऐकणार नाही.

"आणि तू तिथे कशाला गेली होतीस?"

"इंटरव्ह्यू होता. कालच होता, पण त्यांनी फोन करून आजवर ढकलला. तिथं रात्रपाळी नाही. आमचे हे एसटीवर, मुक्कामी गाडी असते. रात्री पोरगी शेजाऱ्यांकडे झोपते, मॅडम. सहा वर्षांची आहे. सकाळी मला विचारते, आज कुणाच्या घरी?" तिनं पदरानं कपाळ पुसलं. "पण इथून हाकलून दिली म्हटल्यावर ते घेतील होय?"

मी एखाद्या चाचणीच्या निकालाकडे पाहावं तशी त्या परिस्थितीकडे पाहत होते. मी निर्दोष आहे हे ती सांगू शकत होती, आणि ती निर्दोष आहे हे मी. पण तिनं सांगितलं तर माझा डोळा उघडा पडत होता आणि मी सांगितलं तर तिचा इंटरव्ह्यू. मगदूमांना दोन्हींतून हवं तेच मिळालं असतं.

"मग तू नाहीस, मी नाही," मी म्हणाले. "तिसरं कोण?"

"भूत."

"भुताचा पासवर्ड कोणता?"

आता ती खरंच हसली. "प्राजू. माझ्या पोरीचं नाव आहे. दीक्षित साहेबांना सांगितला होता, वर काहीतरी करायचंय म्हणाले."

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी काचेच्या खोलीत शेजारी-शेजारी बसलो. आठवडाभरात पहिल्यांदाच कुणी कुणाच्या पाठीमागे उभं नव्हतं. मी तिला म्हटलं, बदललेल्या नोंदी सोडून देऊ. त्यांत आपल्याला काय बघायचं ते आधीच ठरलेलं आहे. सोमवारपासून वैजूच्या नावानं नव्या काय नोंदी झाल्या त्या काढू, आणि तू न भरलेली एखादी सापडते का बघू.

एकेक नाव वर सरकत होतं. ती म्हणत होती, "माझी. माझी. ही शिबिरातली, माझीच." मग ती पडद्याजवळ झुकली.

"अगंबाई!"

रक्तदात्याचं नाव : श्री. आडनाव : गणेशाय. वय अठरा. गट ओ पॉझिटिव्ह. पत्ता नाही.

"हे कोण?" मी विचारलं.

वैजयंताला हसू आवरेना. "अठरा वर्षांचा गणपती, मॅडम! अहो, हे मगदूम साहेबांनी टाकलंय. पूजेच्या दिवशी. कुंकवाचं बोट तसंच होतं, माझ्या हातात तबक. नव्या मशीनवर पहिलं अक्षर श्रीच पाहिजे म्हणाले. नुसतं श्री टाकलं तर मशीन आडनाव मागायला लागलं. आडनाव झालं तर वय. तिथं कुणीतरी म्हणालं, देवाला वय कुठलं, पाच हजार टाका. तर साहेब म्हणतात, साठच्या वरचा दाता आपण घेत नाही, अठरा टाका! सगळे काय हसलेत..."

"कुठल्या मशीनवर?"

"नव्या. वरच्या."

"वारणेवर?"

"हो की."

"मग तो कृष्णेत काय करतोय?"

"वारणा शेवटी कृष्णेलाच मिळते की हो, मॅडम," ती हसत हसत म्हणाली. आणि मग तिनं तोंडावर हात ठेवला.

आम्ही जिना चढून वर गेलो. हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, पडद्यांपुढे दोघं-दोघं बसलेली मुलं. फळ्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : लॉगिन वैजू, पासवर्ड प्राजू.

"हे माझ्या पोरीचं नाव आहे," वैजयंता दीक्षितला म्हणाली. इतक्या हळू आवाजात तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"हो, हो. तुमचं खातंही जसंच्या तसं वर आलं ना, त्यात सगळे मेनू तयार होते. म्हटलं, सगळ्यांनी तेच वापरा." तो मनमोकळा माणूस होता. "बसा ना, मॅडम. नोंद दुरुस्त कशी करायची ते चाललंय."

"सर, गट बदलला," मागून एक मुलगी म्हणाली. "आता होता तसा करू?"

"करा. आणि नाही केलात तरी बिघडत नाही. ही सरावाची माहिती आहे. जुन्या मशीनवरची नक्कल."

आधी खात्री करायची होती. वैजयंताला खाली पाठवलं. मग त्या मुलीला म्हटलं, एक नवा दाता भर. नाव तुझ्या मनानं घे, मला सांगू नकोस. तिनं भरलं आणि बटण दाबलं.

क्षणभर फक्त मागांची खडखड ऐकू येत होती. मग जिन्यातून वैजयंताचा आवाज आला, सगळी इमारत ऐकेल एवढा : "आला! मॅडम, आला! बाजीराव पेशवे! पत्ता शनिवारवाडा!"

ती मुलगी लाजली. दीक्षितचा चेहरा मात्र उतरत गेला. मी भिंतीकडे गेले आणि खालून आलेली केबल खेचून काढली. वरचे सगळे पडदे जागच्या जागी गोठले.

"स्वतःच्या पोटात माहिती असलेलं मशीन केबल काढल्यावर थांबेल का?" मी विचारलं.

त्याला ती फाइल सापडायला वेळ लागला नाही. कुठल्या मशीनवरच्या डेटाबेसशी बोलायचं ते त्यात लिहिलेलं होतं. तिथे कृष्णा हे नाव तसंच होतं.

"दोनच ठिकाणी असतं," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. "दोन्ही बदलली होती मी."

"तीन होती," मी म्हणाले.

मगदूमांच्या केबिनमध्ये आम्ही दोघी एकत्रच गेलो. मी क्रमानं सांगितलं : नक्कल कशी केली, नाव कुठे राहिलं, वर सराव करणाऱ्यांनी गट बदलले ते खाली खऱ्या नोंदींत कसे बदलले, काहींनी परत दुरुस्त केले आणि काहींनी का केले नाहीत. अठरा वर्षांच्या दात्यापाशी आल्यावर त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"म्हणजे दोष कुणाचाच नाही. मशीनचा," ते म्हणाले.

"दीक्षितांचा," मी म्हणाले.

"तेच ते. बरं झालं बाई, देवानंच उघडकीस आणलं." त्यांनी शनिवारच्या विषयांचा कागद ओढला, एक ओळ खोडली आणि पेन ठेवलं. मग त्यांची नजर माझ्यावरून वैजयंतावर आणि तिच्यावरून पुन्हा माझ्यावर आली. "एक मात्र मला कळलं नाही. पुरावा सगळा हिच्या नावाचा. मुख्य पासवर्ड तुमच्याकडे. दुसरं कुणी असतं तर एकमेकींच्या उरावर बसलं असतं. तुम्हाला तिसरीकडे शोधायचं सुचलं कसं?"

मी खोटं बोलत नाही. त्यात मोठेपणा काही नाही. मला ते जमत नाही, एवढंच. रसवंतीची गोष्ट माझ्या ओठांवर आली होती.

"विश्वास, साहेब," वैजयंता म्हणाली. "मॅडमचा माझ्यावर, माझा मॅडमवर."

मगदूमांनी मान डोलावली. त्यांना ते फार आवडलेलं दिसलं. "हेच पाहिजे. अहो, संस्था चालते ती यावरच. आता निश्चिंत मनानं कामाला लागायचं. आणि वैजयंता, तू कुठं जायचं नाहीस बरं का."

"तेच सांगायचं होतं, साहेब. मी महिन्याभरानं जाणार आहे. राजीनामा आज देते. आधीच द्यायचा होता, पण काढून टाकलेली म्हणून जायचं नव्हतं."

"जाणार? कुठं?"

"बसस्टँडमागं."

त्यांनी चष्मा काढला. मग माझ्याकडे वळले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो," मी म्हणाले.

"केव्हापासून?"

"कालपासून. तिथे जाताना पाहिलं होतं मी तिला."

"आणि मला येऊन सांगितलं नाहीत?" त्यांचा आवाज चढला. "शिरगुप्पे मॅडम, मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं की नाही, हिच्यावर नजर..."

ते तिथेच थांबले. काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं होतं.

"मलापण सांगितलं होतंत, साहेब," वैजयंता शांतपणे म्हणाली. "मॅडमवर."

खिडकीबाहेर माग चालू होते. डॉक्टर मगदूमांनी चष्मा घातला, पुन्हा काढला आणि रुमाल शोधू लागले. आम्ही दोघी उभ्याच होतो. त्यांना ठसका लागला तेव्हा वैजयंतानं टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलला, फुलपात्रात पाणी ओतलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं.